व्यायामाची वेळ आणि जेवणाची वेळ: स्नायू वाढवू पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

वजने उचलण्याचा व्यायाम नव्याने सुरू करणाऱ्याच्या कानावर पहिल्या आठवड्यातच एक सूचना हमखास पडते: शेवटचा सेट (न थांबता केलेल्या उचलींची एक फेरी) संपल्यापासून अर्ध्या तासाच्या आत प्रथिने पोटात गेली पाहिजेत, नाहीतर केलेली मेहनत वाया जाते. सूचना देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो आणि तिच्या मुळाशी थोडेफार तथ्यही आहे. मात्र तिच्यामुळे नवशिका माणूस आधी ज्या गोष्टींकडे लक्ष द्यायला हवे त्या बाजूला ठेवून घड्याळाकडे पाहू लागतो, आणि कामामुळे किंवा प्रवासामुळे एखाद्या दिवशी अर्ध्या तासाचे गणित जमले नाही की आपला व्यायामच फुकट गेला असे समजून खट्टू होतो. स्नायूंच्या वाढीत जेवणाच्या वेळेला स्थान आहे, पण ते चौथे आहे: नियमित आणि टप्प्याटप्प्याने वाढत जाणारा व्यायाम, पुरेसा एकूण आहार आणि दिवसभराची एकूण प्रथिने या तिन्हींनंतरचे. पुढच्या पायऱ्या याच विचाराने लावल्या आहेत, आणि त्या मागेपुढे न करता एकेक करून अमलात आणाव्यात, असा माझा आग्रह आहे.

आधी शरीरात काय घडते ते पाहू

आपल्या स्नायूंमधली प्रथिने अखंड घडत असतात आणि मोडतही असतात. घडण्याचा वेग मोडण्याच्या वेगापेक्षा दीर्घकाळ जास्त राहिला, तर स्नायू वाढतो. वजनांचा व्यायाम आणि प्रथिनयुक्त जेवण या दोन्हींमुळे घडण्याची क्रिया वेग घेते, आणि दोन्ही जवळपास आली की परिणाम अधिक होतो. हा वाढलेला वेग किती काळ टिकतो, हा आपल्या विषयाचा गाभा आहे. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, व्यायामाची सवय नसलेल्या माणसांच्या स्नायूंमध्ये प्रथिने घडण्याचा वेग विश्रांतीच्या स्थितीपेक्षा व्यायामानंतर ३ तासांनी सुमारे ११२ टक्के, २४ तासांनी सुमारे ६५ टक्के आणि ४८ तासांनीही सुमारे ३४ टक्के जास्त आढळला होता. अनुभवी माणसांमध्ये ही वाढ लवकर ओसरते, परंतु तीसुद्धा काही तास टिकतेच. म्हणजे व्यायामाने उघडलेले दार अर्ध्या तासात बंद होत नाही. नवशिक्यासाठी तर ते दुसऱ्या दिवशीही उघडेच असते.

मग अर्ध्या तासाच्या नियमात तथ्य कोणते? उपाशीपोटी व्यायाम केल्यास घडण्याबरोबर मोडण्याचा वेगही वाढतो, आणि काही खाल्ले जाईपर्यंत एकूण हिशेब उणेच राहतो. त्यामुळे रिकाम्या पोटी व्यायाम करून पुढेही बराच वेळ उपाशी राहणे स्नायूंच्या दृष्टीने खरोखरच नुकसानीचे आहे. या निरीक्षणाला २००१ साली डेन्मार्कमधील एका अभ्यासाची जोड मिळाली. सरासरी ७४ वर्षे वयाच्या पुरुषांनी १२ आठवडे व्यायाम केला; काहींनी १० ग्रॅम प्रथिने असलेले पेय व्यायाम संपताच घेतले, तर काहींनी २ तासांनी. लगेच पेय घेणाऱ्यांचे स्नायू वाढले, उशिरा घेणाऱ्यांचे जवळजवळ वाढले नाहीत. निष्कर्ष लक्षवेधी होता खरा, पण त्यात अवघे १३ जण होते, सगळे वयोवृद्ध होते आणि प्रथिनांची मात्राही अगदी लहान होती. दिवसभरात भरपूर खाणाऱ्या तरुणांना तोच निष्कर्ष जसाच्या तसा लावणे योग्य नव्हते.

पुढे २०१३ साली ब्रॅड शोनफेल्ड, अ‍ॅलन अ‍ॅरागॉन आणि जेम्स क्रीगर या संशोधकांनी तोवरच्या अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले. वरवर पाहता व्यायामाच्या आसपास प्रथिने घेणाऱ्यांना थोडा फायदा होत असल्याचे दिसले. परंतु दोन्ही गटांनी दिवसभरात एकूण किती प्रथिने खाल्ली हे गणितात धरल्यावर तो फायदा नाहीसा झाला. वेळ पाळणारे गट मुळात जास्त प्रथिने खात होते. २०१७ साली शोनफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्यायामाची सवय असलेल्या पुरुषांवर १० आठवड्यांचा प्रयोग केला. एका गटाला २५ ग्रॅम प्रथिने व्यायामाच्या लगेच आधी आणि दुसऱ्याला लगेच नंतर दिली गेली. स्नायू आणि ताकद यांच्या बाबतीत दोन्ही गटांत एकमेकांच्या तुलनेत दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही. हे सारे लक्षात घेऊन आता प्रत्यक्ष कामाकडे वळू.

पायरी १: दिवसभराची एकूण प्रथिने ठरवा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून तिच्यावर सर्वांत जास्त वेळ खर्च करावा. निरोगी प्रौढ माणसाला दैनंदिन गरजेसाठी शरीराच्या दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी आहेत, असे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण सांगते. स्नायू वाढवायचे असतील, तर मात्र याच्या जवळपास दुप्पट लागतात. २०१८ साली ४९ प्रयोगांचे आणि त्यांतील १,८०० हून अधिक व्यक्तींच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात दर किलोमागे रोज सुमारे १.६ ग्रॅमपर्यंत फायदा वाढत गेलेला दिसला. त्यापुढे सरासरीने विशेष भर पडली नाही. व्यक्तीव्यक्तींतला फरक लक्षात घेता १.६ ते २.२ ग्रॅम ही मर्यादा व्यवहारात धरली जाते. नवशिक्याने १.६ ग्रॅमपासून सुरुवात करावी आणि हा आकडा सलग काही महिने गाठता येतो का, हे पाहावे. माझ्या मते २.२ ग्रॅमच्या मागे लागून चार दिवसांत कंटाळण्यापेक्षा १.६ ग्रॅम सहा महिने टिकवणे कितीतरी हिताचे आहे.

६० किलो वजनाच्या माणसासाठी हा हिशेब ९६ ग्रॅम, म्हणजे सोयीसाठी १०० ग्रॅम होतो. ज्यांचे वजन चरबीमुळे बरेच जास्त आहे, त्यांनी प्रत्यक्ष वजनाऐवजी आपल्या उंचीला साजेसे वजन धरून गणित करावे, अन्यथा आकडा विनाकारण फुगतो.

आकडा ठरल्यावर लगेच आहार बदलू नये. आधी नेहमीच्या तीन दिवसांत आपण जे खातो ते सगळे, त्यात कसलाही बदल न करता, लिहून काढावे आणि त्यातील प्रथिने मोजावीत. बहुतेक नवशिक्यांची येथे एकच चूक होते, म्हणून ती थोडी बारकाईने पाहू. डब्यातल्या कोरड्या मसुरीत १०० ग्रॅममागे सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात. ती शिजताना पाणी शोषून फुगते आणि तिचे वजन अडीच पटींहून अधिक होते. म्हणून ताटात वाढलेल्या १०० ग्रॅम शिजलेल्या, घट्ट मसुरीत प्रथिने जेमतेम ९ ग्रॅम भरतात, आणि ती पातळ केली असेल तर त्याहूनही कमी. कोरड्या धान्याचा आकडा शिजलेल्या अन्नाला लावला, की कागदावर भरपूर आणि पोटात अपुरी प्रथिने, अशी गत होते. याच्या उलट प्रकार मांसाचा असतो: शिजताना त्यातील पाणी उडते आणि वजन घटते. म्हणून एक पद्धत ठरवून घ्यावी. कच्चे मोजणार असाल तर आकडेही कच्च्याचे वापरावेत, शिजलेले मोजणार असाल तर शिजलेल्याचे. पहिले दोन आठवडे स्वयंपाकघरात लहान वजनकाटा ठेवला, तर नंतर नजरेनेच अंदाज येऊ लागतो.

मोजणीसाठी काही ढोबळ आकडे उपयोगी पडतील. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, २५० मिलिलिटर दुधात सुमारे ८ ग्रॅम, १०० ग्रॅम शिजलेल्या कोंबडीच्या छातीच्या मांसात सुमारे ३० ग्रॅम, तेवढ्याच शिजलेल्या माशात २० ते २५ ग्रॅम आणि १०० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत सुमारे ५० ग्रॅम प्रथिने असतात. शेंगदाण्यांत १०० ग्रॅममागे सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असली, तरी त्यांच्याबरोबर जवळजवळ ५० ग्रॅम स्निग्धांश येतो. त्यामुळे शेंगदाणे हा पौष्टिक खाऊ आहे, परंतु प्रथिनांचा मुख्य आधार म्हणून तो सोयीचा नाही.

प्रथिनांबरोबर एकूण आहारही पुरेसा हवा. नवशिक्याचे स्नायू थोडे कमी खाऊनही काही काळ वाढू शकतात, विशेषतः अंगावर चरबी जास्त असेल तर. परंतु सडपातळ माणसाचे वजन महिनोन्‌महिने एकाच ठिकाणी अडलेले असेल, तर रोजच्या आहारात साधारण २५० ते ५०० किलोकॅलरींची भर घालावी लागते. या भरीशिवाय केवळ वेळा पाळून त्याचे वजन हलत नाही.

पायरी २: ती प्रथिने तीन ते पाच जेवणांत वाटून घ्या

प्रत्येक जेवणात दर किलो वजनामागे सुमारे ०.३ ते ०.४ ग्रॅम, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत २० ते ४० ग्रॅम प्रथिने असावीत. वर ज्या ६० किलो वजनाच्या व्यक्तीचे उदाहरण घेतले, तिला २५ ग्रॅमची चार जेवणे पुरतात. २०१३ सालच्या एका प्रयोगात व्यायामानंतरच्या १२ तासांत ८० ग्रॅम प्रथिने तीन प्रकारे दिली गेली: १० ग्रॅम आठ वेळा, २० ग्रॅम चार वेळा आणि ४० ग्रॅम दोन वेळा. दर ३ तासांनी २० ग्रॅम घेणाऱ्यांमध्ये स्नायूंतील प्रथिने घडण्याचा वेग सर्वाधिक होता.

या निष्कर्षावरून पुष्कळांनी असा समज करून घेतला की शरीर एका वेळी ३० ग्रॅमच प्रथिने वापरू शकते आणि उरलेली फुकट जातात. हा समज सोडून द्यावा. २०२३ सालच्या एका प्रयोगात व्यायामानंतर एकदम १०० ग्रॅम प्रथिने घेणाऱ्या तरुणांमध्ये २५ ग्रॅम घेणाऱ्यांपेक्षा स्नायूंची घडण अधिक झाली आणि ती १२ तासांहून अधिक काळ चालू राहिली. मोठ्या जेवणातील प्रथिने हळूहळू पचतात आणि हळूहळूच वापरली जातात. त्यामुळे ज्यांना दिवसातून दोनदाच जेवणे शक्य आहे, त्यांनी चिंता करू नये. मी तरीही तीन-चार जेवणांचा आग्रह धरतो, याचे कारण व्यवहारातले आहे: १०० ग्रॅम प्रथिने दोन जेवणांत बसवायची म्हटली की ताट जड होते, भूक मरते आणि आठवड्याभरात आकडा घसरतो.

बहुतेक नवशिक्यांच्या नोंदी पाहिल्या तर सकाळच्या खाण्यात जेमतेम ५-८ ग्रॅम, दुपारी १५ ग्रॅम आणि उरलेली सारी प्रथिने रात्री, असे चित्र दिसते. सुधारणा करायची तर सकाळपासून करावी. तिथे एक-दोन अंडी, एक पेला दूध, वाटीभर दही किंवा थोडे सोयाबीन वाढवले की उरलेल्या दिवसाची ओढाताण निम्मी होते.

शाकाहारी आणि विशेषतः दूधही न घेणाऱ्या व्यक्तींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वनस्पतीजन्य प्रथिने सर्वसाधारणपणे थोडी कमी पचतात आणि त्यांत ल्यूसीन हे अमिनो आम्ल (प्रथिने ज्या घटकांची बनतात त्यांपैकी एक) कमी असते, तर स्नायूंची घडण सुरू करण्यात याच आम्लाचा वाटा मोठा असतो. उपाय साधा आहे: प्रत्येक जेवणातील मात्रा थोडी वाढवावी, कडधान्ये आणि तृणधान्ये एकत्र खावीत आणि सोयाबीनचा मोकळेपणाने वापर करावा. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, रोज दर किलोमागे १.६ ग्रॅम प्रथिने मिळत असताना, १२ आठवड्यांच्या व्यायामानंतर पूर्ण वनस्पतीजन्य आहार घेणाऱ्या आणि मिश्र आहार घेणाऱ्या तरुणांच्या स्नायुवाढीत फरक आढळला नाही.

पायरी ३: व्यायाम दोन जेवणांच्या मध्ये बसवा

आता घड्याळाकडे पाहायची वेळ आली. लक्षात ठेवायचा नियम एकच आहे: व्यायामाआधीचे प्रथिनयुक्त खाणे आणि व्यायामानंतरचे प्रथिनयुक्त खाणे यांच्यातले अंतर साधारण ४ ते ६ तासांपेक्षा जास्त नसावे. आधीचे खाणे लहान असेल तर ४ तास धरावेत. ते भरपेट मिश्र जेवण असेल तर ६ तासही चालतात, कारण अशा जेवणातील अमिनो आम्ले कित्येक तास रक्तात येत राहतात. संध्याकाळी ५ वाजता नीट जेवून साडेसहा वाजता व्यायामाला गेलेल्या माणसाच्या शरीरात ८ वाजता, म्हणजे व्यायाम संपल्यावरही, त्याच जेवणातील प्रथिने पुरवली जात असतात. त्याने घाईने काही पिण्याची गरज नसते.

आपले वेळापत्रक कागदावर मांडून पाहावे. समजा, दुपारचे जेवण १ वाजता, व्यायाम संध्याकाळी ६ ते सव्वासात आणि रात्रीचे जेवण साडेआठला आहे. दोन जेवणांतले अंतर साडेसात तास होते. येथे साडेचारच्या सुमारास १५-२० ग्रॅम प्रथिनांचे खाणे घातले की अंतर ४ तासांवर येते, आणि भुकेने गळून जाऊन शेवटचे सेट अर्धवट सोडण्याची वेळही टळते. दुसरे उदाहरण असे की, जेवण दीडला, व्यायाम ४ ते ५ आणि रात्रीचे जेवण ८ वाजता. अंतर साडेसहा तास आहे, पण दुपारचे जेवण भरपेट आहे. काही बदलले नाही तरी चालेल, आणि मनाचे समाधान हवे असेल तर संध्याकाळी पेलाभर दूध पुरे.

तिसरे उदाहरण मात्र गंभीरपणे घ्यावे. रात्रीचे जेवण ९ वाजता, सकाळी ६ ते ७ उपाशीपोटी व्यायाम, मग आवरून कामाला जाणे आणि पहिले खाणे १० वाजता. हे अंतर १३ तासांचे आहे, आणि वेळेला खरे महत्त्व येते ते याच ठिकाणी. अशा व्यक्तीने एक तर व्यायामाआधी अर्धा-पाऊण तास दुधासारखे काहीतरी हलके घ्यावे, किंवा व्यायाम संपल्यापासून तासाभरात २५ ते ४० ग्रॅम प्रथिनांचा नाश्ता करावा. पहाटे पोटात काही ठरत नसेल, तर दुसरा पर्याय निवडावा आणि नाश्ता आदल्या रात्रीच तयार करून ठेवावा. कारण सकाळच्या गडबडीत ठरवलेली गोष्ट बहुधा राहून जाते.

पायरी ४: व्यायामाआधी काय खावे आणि किती आधी

येथे प्रश्न स्नायूंच्या घडणीचा कमी आणि पोटाच्या सोयीचा अधिक आहे. भरपेट जेवणानंतर २ ते ३ तास, मध्यम खाण्यानंतर एक ते दीड तास आणि एखादे फळ किंवा पेलाभर दूध घेतल्यानंतर अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा. तेलातुपाचे आणि भरपूर चोथ्याचे पदार्थ पोटातून हळूहळू पुढे सरकतात, म्हणून ते व्यायामाच्या तोंडावर टाळावेत, भले ते एरवी कितीही पौष्टिक असोत. खांद्यावर वजन घेऊन खोल बैठक मारताना श्वास रोखला जातो आणि पोटावर सर्व बाजूंनी दाब येतो. पोट भरलेले असेल तर नेमके त्याच क्षणी आंबट पाणी घशाशी येते, एकाग्रता मोडते आणि पाठीची ठेवण बिघडते. हा केवळ अस्वस्थतेचा प्रश्न नसून सुरक्षिततेचाही आहे.

प्रत्येकाचे पोट वेगळे असते. एका वेळी एकच गोष्ट बदलून, आठवडाभर तीच ठेवून, व्यायाम कसा झाला हे नोंदवावे. पाणी दिवसभर नियमित प्यावे.

पायरी ५: व्यायामानंतर

आधीचे खाणे नीट झालेले असेल तर पुढच्या दोन तासांत नेहमीचे जेवण करावे. त्यासाठी वेगळा पदार्थ लागत नाही.

प्रोटीन पावडरविषयी येथे सांगणे आवश्यक आहे, कारण नवशिक्यांचा सर्वाधिक पैसा तिच्यावरच खर्च होतो. पावडर हे अन्नच आहे, फक्त सुकवलेले आणि वाहून नेण्यास सोपे. व्हे पावडरच्या (दूध फाटल्यावर उरणाऱ्या पाण्यातील प्रथिनांच्या पावडरीच्या) एका मापात बहुधा २० ते २५ ग्रॅम प्रथिने असतात आणि ती लवकर पचतात. परंतु दिवसाचा एकूण आकडा जेवणातून पूर्ण होत असेल तर तिने वेगळे काही साधत नाही. जेवणातून २०-३० ग्रॅम कमी पडत असतील, किंवा व्यायामानंतर दोन-तीन तास जेवणाची सोयच नसेल, तर तिचा उपयोग जरूर करावा. विकत घेताना डब्यावरील एका मापाचे वजन आणि त्यातील प्रथिने यांची तुलना करावी. ३० ग्रॅमच्या मापात २४ ग्रॅम प्रथिने असतील तर पावडर चांगली. ७५ ग्रॅमच्या मापात १५ ग्रॅम असतील, तर त्या डब्यात मुख्यतः साखर आणि पिष्ट आहे.

पायरी ६: कर्बोदके

व्यायाम होताच गोड पेय घेतले तर इन्सुलिन वाढते आणि स्नायू अधिक वाढतात, असे सांगितले जाते. पुरेशी प्रथिने घेतल्यावर जेवढे इन्सुलिन स्रवते तेवढे या कामाला पुरते. त्यावर कर्बोदकांची भर घातल्याने घडण आणखी वाढत नाही, असे प्रयोगांत दिसले आहे. कर्बोदकांचे खरे काम स्नायूंमधला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा भरण्याचे आहे. वजनांच्या एका नेहमीच्या सत्रात हा साठा काही अंशीच उतरतो आणि दिवसभराच्या जेवणातून दुसऱ्या दिवसापर्यंत तो भरून निघतो. घाई फक्त एकाच परिस्थितीत करावी: त्याच दिवशी आठ तासांच्या आत पुन्हा लांब धावणे, खेळाचा सामना किंवा दुसरे जड सत्र असेल तेव्हा. अशा वेळी पहिले सत्र संपताच खाण्यास सुरुवात करावी आणि पहिले चार तास दर तासाला, शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे १ ते १.२ ग्रॅम कर्बोदके घ्यावीत.

पायरी ७: रात्री झोपण्यापूर्वी

झोपण्यापूर्वी घेतलेली प्रथिने रात्री नीट पचतात आणि स्नायूंच्या घडणीसाठी वापरली जातात, हे २०१२ सालच्या प्रयोगात ४० ग्रॅम केसीन (दुधातील हळू पचणारे प्रथिन) देऊन दाखवण्यात आले. २०१५ साली १२ आठवड्यांच्या प्रयोगात झोपण्यापूर्वी प्रथिने घेणाऱ्या तरुणांचे स्नायू अधिक वाढले. परंतु त्यांची दिवसभराची एकूण प्रथिनेही दुसऱ्या गटापेक्षा जास्त होती, त्यामुळे सारे श्रेय रात्रीच्या वेळेला देता येत नाही. दिवसाचा आकडा अपुरा राहिला असेल, तर तो पूर्ण करण्याची ही चांगली जागा आहे. तो पूर्ण झाला असेल आणि भूक नसेल, तर शांतपणे झोपावे. पुरेशी झोप स्नायूंना लागतेच.

ज्यांनी वेळेकडे अधिक लक्ष द्यावे

वाढत्या वयात स्नायू लहान मात्रेला पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाहीत. म्हणून साठीच्या पुढच्या व्यक्तींनी प्रत्येक मुख्य जेवणात दर किलोमागे किमान ०.४ ग्रॅम प्रथिने ठेवावीत आणि त्यांतले एक जेवण व्यायामाजवळ आणावे. डेन्मार्कच्या त्या जुन्या अभ्यासातून वृद्धांनी घ्यायचा बोध एवढाच, आणि तो घेण्यासारखा आहे.

दिवसातील आठ तासांतच खाण्याची पद्धत पाळणाऱ्यांनाही स्नायू टिकवता येतात. २०१६ साली व्यायामाची सवय असलेल्या पुरुषांवरील ८ आठवड्यांच्या प्रयोगात हे दिसले आहे. त्यांनी व्यायाम शक्यतो खाण्याच्या तासांमध्ये किंवा ते सुरू होण्याच्या अगदी आधी ठेवावा, म्हणजे सत्रानंतरचे जेवण पुढे ढकलले जाणार नाही.

ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे, कारण व्यायामात किंवा त्यानंतर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. गरोदर महिलांनी आणि वाढीच्या वयातील मुलांनी या लेखातले आकडे स्वतःला लावू नयेत.

पायरी ८: अंमलबजावणी आणि पडताळणी

सगळे एकदम सुरू करू नये. पहिले दोन-तीन आठवडे फक्त रोजचा एकूण आकडा गाठण्याचा प्रयत्न करावा. तो आठवड्यातले पाच-सहा दिवस जमू लागला की सकाळचे आणि दुपारचे खाणे सुधारून वाटणी नीट करावी, आणि त्यानंतरच व्यायामाच्या आसपासचे अंतर तपासावे.

नोंदवहीत तीन गोष्टी असाव्यात: प्रत्येक व्यायामात उचललेले वजन आणि आवर्तने (ते किती वेळा उचलले), सकाळच्या वजनाची आठवड्याची सरासरी आणि महिन्यातून एकदा दंड, छाती व मांडीचा घेर. रोजचे वजन पाणी आणि मीठ यांमुळेही किलोभर वरखाली होते, म्हणून एका दिवसाच्या आकड्यावरून निर्णय घेऊ नये. निष्कर्ष काढण्यापूर्वी ८ ते १२ आठवडे जाऊ द्यावेत. तेवढ्या काळात प्रगती दिसली नाही, तर कारण शोधताना आधी व्यायाम पाहावा: प्रत्येक मोठ्या स्नायूला आठवड्यातून दोनदा काम मिळते का, आणि वजन किंवा आवर्तने वाढत आहेत का. मग झोप, मग एकूण आहार, मग प्रथिनांचा आकडा, मग त्यांची वाटणी आणि अगदी शेवटी वेळ. उलट्या टोकाने सुरुवात करणारे महिनोन्‌महिने प्रोटीन शेकची (पावडर घातलेल्या पेयाची) वेळ दहा-पंधरा मिनिटांनी इकडेतिकडे करत राहतात आणि बारवरचे वजन मात्र तेवढेच राहते.

एखाद्या दिवशी व्यायामानंतर तीन तास काहीच खाता आले नाही, तर पुढचे जेवण नेहमीसारखे, पुरेशा प्रथिनांसह करावे. भरपाई म्हणून दुप्पट खाण्याची किंवा दुसऱ्या दिवशीचे सत्र रद्द करण्याची गरज नाही. असे आठवड्यातून तीन-चार वेळा होऊ लागले, तर मात्र व्यायामाची वेळ किंवा सोबतचा डबा, यांपैकी एक बदलावे.